लाल टोपीवाल्या आजी

आमच्या पोहण्याच्या तलावावर सकाळी आठच्या तुकडीत पाच आज्या होत्या, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. शिकवणारी मुलगी काठावरून ओरडायची, "आजी, डोकं खाली!" की पाच टोप्या एकदम पाण्यात. मी तर तेव्हा नुसती पायरीवर उभी असायचे, तरी नाकातोंडात पाणी.

आम्हा पाचांत सर्वांत वैतागलेल्या होत्या त्या सात नंबर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली, सात नंबरच्या बोर्डापुढे, कानाला हेडफोन लावून. तिथे साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना 'सात नंबर'च म्हणायचे. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं आणि आम्ही निर्लज्जासारखं तेच उचललं. घरी त्या थोरल्या सूनबाई, म्हणून वहिनी, मग आई, मग आजी. नवरा 'अगं' म्हणून मोकळा. नावाने हाक मारणारी एक मोठी बहीण होती, ती चार वर्षांपूर्वी गेली.

"जगाचे फोन जोडून देण्यात जन्म गेला," त्या म्हणायच्या, "आणि मला नावाने हाक मारणारं एक माणूस नाही."

म्हणून फॉर्म भरताना त्यांनी नुसतं स्वतःचं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, आणि शिकवणाऱ्या मुलीला बजावलं, "मला नावाने हाक मारायची. अहो-जाहो नको."

मुलीने जीभ चावली. "नाही हो आजी. माझ्या आईपेक्षा मोठ्या तुम्ही. जीभच वळणार नाही."

"शिकवायचा पगार घेतेस ना? मग वळव."

नाहीच वळली. मुलीने तोडगा काढला: लाल टोपीवाल्या आजी. चौथ्या दिवशी आणखी दोघी लाल टोप्या घालून आल्या. दुकानात तोच रंग उरला होता. सात नंबर हातातली पोहायची फळी आपटून निघाल्या. मी उगाच समजूत काढायला मागे गेले.

"मान देतात हो लोक," मी म्हटलं.

"मानाचं काय लोणचं घालू?" त्या खेकसल्या.

मला तरी काय कमी राग आला! साठी उलटल्यावर हा कसला हट्ट, असं मी घरी येऊन चारदा बोलले.

दुसऱ्या महिन्यात आम्हाला खोल बाजूला नेलं. बारा फूट पाणी. काठाची दांडी धरून पाय मारायचे. सात नंबरांचा हात निसटला. टोपी खाली गेली, वर आली, परत खाली. मुलगी ओरडली, "आजी!" आणि आम्ही चौघींनी मुलीकडे पाहिलं. चौघींनी! बुडणाऱ्या बाईकडे कुणाचंच लक्ष नाही.

मग मुलीने त्यांचं नाव घेतलं. नुसतं, एकेरी, शाळेतल्या मैत्रिणीला मारावी तशी हाक. "अगं, पाय मार! मार पाय!" आणि त्यांनी मारले. मुलगी उडी टाकून पोचेपर्यंत त्यांनी स्वतःच दांडी पकडली होती.

बाहेर आल्यावर मुलगी रडकुंडीला आली. "सॉरी आजी, घाईत एकेरी निघून गेलं."

"परत म्हण," त्या धापा टाकत म्हणाल्या.

"आता कसं म्हणू, आजी?"

त्यांचा चेहरा पडला. बुडतानासुद्धा इतका पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारीच होते, म्हणून शपथेवर सांगते, हात निसटला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दांडी सोडली. मुलगी किंचाळली, नावानेच. त्या शांतपणे चारदा पाय मारून परत आल्या.

कपडे बदलायच्या खोलीत मी त्यांच्यावर तुटून पडले. "वेड लागलंय का? एका हाकेसाठी जीव द्यायचा?"

"मग तुम्ही मारा ना हाक," त्या केस पुसत म्हणाल्या. "आत्ता. इथे कुणी नाही."

फॉर्म मी पाहिला होता. नाव मला पाठ होतं. दोन अक्षरी, सोपं नाव. मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते, "चला हो, सर्दी होईल."

त्यांनी ओली टोपी पिळली आणि निघून गेल्या. मला राग आला तो स्वतःचाच. घरी येऊन ठरवलं, तोंडाने जमत नाही तर निदान कागदावर तरी त्यांचं नाव घ्यावं. आणि हे बघा, एवढं लिहून झालं, तरी 'त्या'च.