दोन समुद्रांचे मास्तर

आमच्या साडूंइतका दुसऱ्याच्या जिवाला घोर लावणारा मास्तर साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. आणि झाला असेल तर त्याच्या वर्गात माझी मुलगी नव्हती, एवढ्यासाठी मी देवाचे उपकार मानतो. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बुलढाण्याच्या शाळेत चौथीला शिकवायचे, आणि मी तिथंच कचेरीत कारकून. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे आमचे सगळे हुकूम नागपूरहून यायचे आणि बहुतेक सगळे कपाटात जाऊन झोपायचे. त्यातल्याच एका हुकमानं मास्तरांना उन्हाळ्यात अमरावतीला शिकायला पाठवलं. तिथं कुणीतरी व्याख्यानात सांगितलं की मूल पुस्तकानं शिकत नाही, अनुभवानं शिकतं. बाकीच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि ते जेवायला गेले. आमचे साडू तेवढे ते वाक्य घेऊन घरी आले आणि जन्मभर त्याच्यावर जगले.

त्या उन्हाळ्यापासून त्यांनी नेमच केला. आपण अनुभवल्याशिवाय मुलांना काही सांगायचं नाही, आणि मुलांनी अनुभवल्याशिवाय त्यांना ते आलं असं धरायचं नाही. 'कडू' हा शब्द आला की साऱ्या वर्गानं कडुलिंबाचा पाला चावायचा. 'आंबट' शब्दाच्या दिवशी मात्र, चिंचा मिळणार म्हणून, तापानं फणफणलेली पोरंही शाळेत हजर. अपूर्णांक ते भाकरीवर शिकवत. उत्तर निघायच्या आत गणित खाऊन संपलेलं असे. दुष्काळाचा धडा घेण्याआधी भूक म्हणजे काय ते कळावं म्हणून स्वतः जेवण सोडून बसले, आणि धडा वाचता वाचता टेबलावर डोकं ठेवून झोपी गेले. हाही दुष्काळाचाच भाग असेल असं समजून मुलं शेवटपर्यंत चुपचाप बसली. 'विंचू' शब्द आला तेव्हा मात्र माझ्या बायकोनं आदल्या दिवशीच बहिणीकडे निरोप धाडला, की उद्या आमची सुमी शाळेत येणार नाही.

लोखंड तापलं की फुगतं, हे दाखवायला ते वर्ग घेऊन लोहार गल्लीतल्या चाचांकडे गेले. चाचा बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवत होते. लालबुंद कडं, भोवती धूर, आणि त्या धुरात आमच्या घरचं पोर. मी कचेरीतून धावत गेलो तर सुमी लांब उभी राहून ओरडत होती, "आता बसली, आता बसली!" चाचांचा मुलगाही त्याच वर्गात असल्यामुळे मास्तरांना त्या दुकानात घरच्यासारखी मुभा होती. पुढे डिप्टीसाहेब तपासणीला आले आणि एका मुलाला त्यांनी विचारलं, हिमालय कुठं आहे? मुलगा शांतपणे म्हणाला, "म्या नाई पाह्यला साहेब." साहेबांनी शेरा काय मारला कोण जाणे, पण मास्तर संध्याकाळी आमच्याकडे पेढे घेऊन आले. म्हणाले, पोरगं खोटं बोललं नाही. मी पेढा हातातच धरून बसलो. ह्या माणसाची नोकरी गेली तर मेव्हणीचं कसं होईल, हा विचार माझ्या मनात सुरू झाला होता.

मी जात्याच भित्रा, हे खरं. पण माझ्या भीतीला कारणही होतं. सुमीच्या आधीची आमची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आतच गेली होती. तिला आम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपत होतो. मुलींची शाळा घराला लागून होती. पण मास्तरांनी हट्टानं तिला आपल्या वर्गात नेऊन बसवलं, आणि त्या दिवसापासून माझं अर्धं चित्त कचेरीत नि अर्धं शाळेच्या दारात.

एका भाद्रपदात मास्तर नद्यांच्या धड्यापाशी आले. आमचं बुलढाणं डोंगराच्या माथ्यावर. माथ्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस पैनगंगेतून फिरत फिरत पूर्वेच्या समुद्राला जातो, दुसऱ्या अंगाचा घाट उतरून पूर्णेला नि तापीला मिळतो आणि पश्चिमेच्या समुद्राला जातो. दुसऱ्या कुठल्याही मास्तरानं एवढं सांगून खडू खाली ठेवला असता. पण आमच्या साडूंना पाणी जिथं दुभंगतं ती जागाच मुलांना दाखवायची होती, आणि ती जागा दिसणार भर पावसात. दुपारी आभाळ फुटल्यासारखं कोसळू लागलं, आणि बायकोचा निरोप कचेरीत आला, की चौथीची खोली रिकामी आहे आणि वर्ग माळाकडे गेला आहे. घाटाच्या रानात तेव्हा अस्वलं होती. नाले क्षणात भरायचे. मी अर्ज न देताच कचेरीतून उठलो. वाटेत चाचा भेटले, तेही मुलाच्याच काळजीनं निघालेले. पण माझा चेहरा पाहून आधी त्यांनी मलाच धीर दिला. "मास्तर येडा हाय बाबू, पर लेकरं मोजून नेते अन् मोजून आनते," ते म्हणाले. मला ते ऐकूनही बरं वाटलं नाही.

माळावर पोचलो तर सारा वर्ग चिखलात पालथा पडलेला, आणि मधोमध मास्तरही पालथेच, सगळ्यांचे डोळे वाहत्या पाण्यावर. घराच्या आढ्यावरून पाणी दोहोंकडे उतरतं तसं तिथं उतरत होतं. मुलांनी दोन तट केले होते. 'पैनगंगा'वाले एकीकडे ओरडत, 'पूर्णा'वाले दुसरीकडे. मधल्या उंचवट्यावर एक डबकं साचलं होतं. ते कुठल्याच बाजूला जाईना आणि त्यावरून भांडण पेटलं होतं. सुमी त्या डबक्यापाशी बसली होती. ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. मी तिला उचलायला वाकलो तर म्हणाली, "बाबा, हलू नका, पानी गढूळ होते." मास्तरांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि त्यांचा चेहराच पालटला. मला काही बोलू न देता त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि घरापर्यंत धावत सुटले. बाकीची मुलं चाचांनी सांभाळून आणली.

सुमीचा ताप उतरेना. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रोज येत आणि जाताना माझ्याशी नजर टाळत. मास्तर आले की बायको दार लावून घ्यायची. ते शाळेआधी आणि शाळेनंतर आमच्या ओट्यावर येऊन बसत. मेव्हणीनं आणलेली भाकरी तशीच परत जाई. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तरी खिडकीतून त्यांची पाठमोरी टोपी दिसली नाही तर मी अस्वस्थ व्हायचो, हेही तितकंच खरं.

एका सकाळी सुमीच्या अंगाला दरदरून घाम सुटला आणि तिनं डोळे उघडले. पाणी मागेल म्हणून मी भांडं पुढं केलं. तिनं विचारलं, "ते डबकं कोनीकडे गेलं?" आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागलो. मग बायको उठली आणि तिनंच जाऊन दार उघडलं. "या भाऊजी," ती म्हणाली. "पोरगी काई विचारून राह्यली. आमाले नाई सांगता येत."

मास्तर आत आले आणि भिंतीला टेकून लांबच उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सुमीनं पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "म्या पाह्यलं नाई, बाई. पुस्तकात पाहून सांगू काय?" सुमीनं मान वळवून घेतली. मग त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि तेव्हाही तोंडानं विचारलं नाहीच. नाही म्हणायचा मला पूर्ण हक्क होता. मी म्हणालो, "बरी झाली की घेऊन जा तिला तिथं."

ती बरी झाल्यावर आम्ही सगळे पुन्हा माळावर गेलो. मी रजा घेऊन रांगेच्या मागे चाललो होतो, म्हणून पहिल्यांदाच मास्तरांना वर्गाबरोबर चालताना जवळून पाहिलं. त्यांचे ओठ सारखे हलत होते. ते मुलं मोजत होते. शेवटच्या पोरापर्यंत पोचले की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, तुम्हाला भीती वाटते?

"भेव काय तुमाले एकट्यालेच वाटते काय, भाऊ?" ते हळूच म्हणाले. "तुमाले एका लेकराचं. मी तर सगळ्या वर्गाचं भेव घेऊन चालतो. पन ते पोराईले दिसू नाई द्या लागत."

डबकं आटून गेलं होतं. सुमीनं मातीत बोट खुपसलं आणि आत ओल लागली तशी ओरडली, "कुठीच गेलं नाई मावसाजी, अठीच मुरलं!" मास्तर नुसते हसले आणि पुन्हा मोजू लागले.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. सुमी धामणगाव बढ्याला मास्तरीण आहे, आणि पेन्शनीत निघाल्यापासून मी तिच्याच बिऱ्हाडी असतो. आभाळ भरून आलं आणि तिचा वर्ग बाहेर असला की कुणा ना कुणाचा बाप घाबऱ्या घाबऱ्या दाराशी येतो. मी त्याला बसवतो, चहा पाजतो आणि येतीलच आता सगळे, असं अगदी निश्चिंत आवाजात सांगतो. माझा आवाज ऐकून तो शांत होऊन घरी जातो. मग मी दारात येऊन उभा राहतो, आणि मला मास्तरांची फार आठवण येते. ते असते तर घाबरायला सोबत झाली असती.