वॉल्टरचा हात की वॉल्टरचं रिव्हॉल्व्हर

कागदावर सहा भोकं होती आणि त्यातलं एकही गोल नव्हतं. सगळी लांबट. म्हणजे गोळ्या टोकाने न लागता आडव्या होऊन लागल्या होत्या, आणि तेही फक्त पंचवीस यार्डांवरून.

वॉल्टर कागदाकडे बघतच नव्हता. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. हात थरथरत होता. थोडासाच, पण थरथरत होता.

"झालं, प्रभाकर," तो म्हणाला. "सोमवारी पोलिसांना फोन करतो. येऊन रिव्हॉल्व्हर घेऊन जाऊ देत."

आणि त्या गोळ्यांची रेसिपी माझी होती.

वॉल्टर हा आमचा कॅनडातल्या ग्वेल्फमधला शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर डेअरीची मशीन्स दुरुस्त केली. त्याच्याकडे जुन्या पद्धतीचं एक सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर आहे. सिंगल-ॲक्शन म्हणजे दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. लायसन्स रीतसर, वापर फक्त क्लबच्या रेंजवर. पूर्वी तो तांब्याचं कवच असलेल्या तयार गोळ्या वापरायचा. त्या दुकानात मिळेनाशा झाल्या तेव्हा त्याने साचा आणला आणि गराजमध्ये शिसं वितळवून स्वतः गोळ्या ओतायला लागला. नेम बिघडला तो तेव्हापासून. पण हात थरथरायला लागला तोही साधारण तेव्हाच.

त्याची मुलगी म्हणत होती, "डॅड, इट्स युअर हँड्स. बास झालं आता." कॅनडात आता नवीन हँडगन विकत घेता येत नाही, आहे ती मुलीच्या नावावर करता येत नाही. एकदा पोलिसांच्या हवाली केली की विषय संपला. वॉल्टरला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: चूक हाताची की रिव्हॉल्व्हरची?

खरं सांगतो, माझ्या मनात आलं होतं, नाचता येईना अंगण वाकडं.

तरी त्याने विचारलं तेव्हा मी सल्ला दिलाच. मी मेटॅलर्जिस्ट. तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात शिसं, कथील आणि अँटिमनी यांचे मिश्रधातू केले. "यू आर द लेड गाय," वॉल्टर म्हणाला आणि मी फुगलो. बॅरलमध्ये, म्हणजे नळीत, शिशाचे पापुद्रे चिकटतात असं त्याने सांगितलं. मी सोफ्यावरून न उठता निदान केलं, "शिसं मऊ आहे म्हणून चिकटतं. अँटिमनी वाढव. गोळी कडक कर."

त्याने दोन दिवस गराजमध्ये घालवून तसं केलं. त्याआधी गोळ्या नुसत्या विखुरत होत्या. आता आडव्या लागायला लागल्या.

घरी येऊन मी हे सुलभाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाली आहे.

"अहो, त्याची बंदूक तुम्ही बघितलीत तरी का?"

"बघितली की. हातात धरून बघितली."

"मोजलीत?"

मी पेपर उघडला.

"रक्त न तपासता मी रिपोर्ट लिहिला असता तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला लाज वाटली. आधी मोजा, मग बोला, हे मीच कारखान्यात ज्युनियर लोकांना ओरडून सांगायचो.

दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर आणि पिन गेज घेऊन वॉल्टरच्या बेसमेंटमध्ये गेलो. पिन गेज म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी काड्या. भोकात कुठली काडी जाते आणि कुठली अडते यावरून भोकाचं माप कळतं. वॉल्टरने रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून सिलिंडर बाहेर काढला. सिलिंडर म्हणजे सहा गोळ्या राहतात तो फिरणारा भाग. त्यातल्या प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या तोंडाला थ्रोट म्हणतात. गोळी आधी थ्रोटमधून निघते, मग बॅरलमध्ये शिरते.

सहाही थ्रोट बॅरलपेक्षा अडीच थाऊने अरुंद निघाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण शिशाची गोळी थ्रोटमधून दाबून बारीक होत होती आणि बॅरलमध्ये पोचेपर्यंत सैल पडत होती. सैल गोळीच्या कडेने गरम वायू निसटतो, शिसं वितळवतो, तेच बॅरलला चिकटतं. गोळीला फिरकी देणाऱ्या, बॅरलच्या आतल्या आट्यांची पकड बसत नाही, मग गोळी वाटेल तशी कोलमडते. मऊ गोळी निदान मागच्या दाबाने थोडी फुगून जागा भरते. मी ती कडक करून तोही मार्ग बंद केला होता.

हे सगळं मी वॉल्टरला सांगितलं, माझ्या चुकीसकट.

"म्हणजे मी नाही?" त्याने विचारलं.

"ते माहीत नाही. रिव्हॉल्व्हर चुकतंय एवढं नक्की."

त्याने पोलिसांना फोन केला नाही. परवानगीचे कागद घेऊन आम्ही व्हिटबी गावच्या गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, गेलो. डेनिस त्याचं नाव. त्याने माझी मापं पुन्हा घेतली. हे मला आवडलं.

"रीमरने थ्रोट मोठे करता येतील," तो म्हणाला. "पण मेटल काढता येतं, परत चिकटवता येत नाही. थोडं जास्त गेलं तर हा सिलिंडर पेपरवेट. दुसरा कुठून मिळेल याची गॅरंटी मी देत नाही."

वॉल्टरने सिलिंडर उचलून एकदा फिरवला आणि परत टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "पेन दे. कुठे साइन करू?"

रीमर म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं कापायचं हत्यार. डेनिस ते हाताने, भरपूर तेल सोडून फिरवत होता. एक थ्रोट झाला की मी पिन घालून बघायचो. पहिले तीन बिनबोभाट झाले. चौथ्यात रीमर किंचाळला. डेनिसचा हात जागच्या जागी थांबला. वॉल्टरने डोळे मिटले. या माणसाला इथवर मीच आणलं होतं.

डेनिसने रीमर सावकाश बाहेर काढला. दात्यात धातूचा केसाएवढा कीस अडकला होता. त्याने तो पुसला, भोक पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पिन घातली. हवी ती गेली, त्यापुढची अडली. जीव भांड्यात पडला. उरलेले दोन थ्रोट सुरळीत झाले.

शनिवारी रेंजवर गेलो. जुन्या, मऊ मिश्रणाच्या गोळ्या नेल्या. आधी रिव्हॉल्व्हर क्लॅम्पमध्ये पक्कं बसवलं, म्हणजे माणसाच्या हाताचा प्रश्नच नाही. सहा गोळ्या. सहा गोल भोकं, आमटीच्या वाटीखाली झाकतील एवढ्यात. मी आनंदाने ओरडलोच.

वॉल्टर ओरडला नाही. त्याने रिव्हॉल्व्हर क्लॅम्पमधून सोडवलं. "नाऊ मी," तो म्हणाला.

अंगठ्याने घोडा ओढायचा, श्वास रोखायचा, चाप दाबायचा. असं सहा वेळा. प्रत्येक वेळी हात थरथरत होता आणि मला बघवत नव्हतं.

कागद आणला. वाटी कुठली, जेवणाच्या ताटाएवढा पसारा होता. एक भोक तर पार कडेला. मी मनात सांत्वनाची वाक्यं जुळवायला लागलो.

वॉल्टरने प्रत्येक भोकावरून बोट फिरवलं.

"गोल आहेत," तो म्हणाला. "सगळी गोल आहेत. दीज आर माइन, प्रभाकर. हे हाताचं आहे. हाताचं मला चालेल."

रिव्हॉल्व्हर अजून त्याच्याकडेच आहे. क्लबच्या मॅचमध्ये तो अकरा जणांत नववा आला आणि हे त्याने मला त्याच दिवशी दोनदा सांगितलं.

यातून मी शिकलो ते एवढंच. अंगण वाकडं आहे असं कोणी म्हणालं तर आधी टेप आणा. नाचणाऱ्याबद्दल मग बोला.