काढून टाकलेली अट

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी वाचायला मी इथे येत नाही. बायको वाचते आणि मी तिची चेष्टा करतो. तिठ्यावर उतरवून टाकलेलं लिंबू बुटाने उडवून पुढे जाणारा माणूस आहे मी... त्यामुळे "सर, तुमच्यावर कोणीतरी करणी केलीय" असल्या कमेंट टाकू नका. जे घडलं ते शनिवारी, भर दुपारी, नवीन पनवेलच्या आमच्या ऑफिसात घडलं. एसी चालू होता, दिवे चालू होते, मी पूर्ण शुद्धीत होतो.

आमची कंपनी कारखान्यांतल्या प्रेस मशीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर करते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं धूड. त्याने काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, याच्या शेकडो अटी असतात. प्रत्येक अटीला नंबर, लिहिणाऱ्याचं नाव, आणि ती पाळली जाते का हे तपासणारी टेस्ट. हे सगळं सांभाळणारा ॲड-ऑन, म्हणजे बाहेरच्या कंपनीकडून घेतलेलं जोड-सॉफ्टवेअर, इतकी वर्षं आमच्याच सर्व्हरवर होता, पॅन्ट्रीशेजारच्या खोलीत. मग ॲड-ऑनवाल्यांनी कळवलं की घरच्या सर्व्हरचा सपोर्ट बंद, सगळ्यांनी क्लाउडवर या. ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

आता घरतांबद्दल सांगायला हवं. घरत गव्हाणचे, पन्नाशी उलटलेले, मशीनच्या सुरक्षिततेच्या अटी लिहायचे. मीटिंगमध्ये कोणी काहीही सुचवलं की आधी "नाय" म्हणायचे, मग कारण सांगायचे. आम्ही त्यांची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल माझी होती.

त्यांनी एक अट लिहिली होती—दुरुस्ती चालू असली तरी, दार उघडं असेल तर प्रेस खाली येता कामा नये. वाचायला सोपी आहे, पण ती पाळायची तर मशीनला आणखी एक सेन्सर बसवावा लागणार होता. तो नव्हता म्हणून टेस्ट नव्हती, आणि टेस्ट नसलेली अट रिपोर्टमध्ये लाल दिसते. दुसऱ्या दिवशी क्लायंटचं ऑडिट होतं. मी ती अट काढून टाकली. रिपोर्ट हिरवागार!

लगेच नाकं मुरडू नका. आमच्या धंद्यात ऑडिटच्या आदल्या दिवशी हे सर्रास चालतं. लाल दिसेल ते काढायचं आणि "नंतर परत टाकू" म्हणायचं. नंतर कोणी टाकत नाही. जुन्या ॲड-ऑनमध्ये काढलेल्या अटीचा मागमूससुद्धा राहायचा नाही, हेही मला पक्कं माहीत होतं.

वर्षभराने तळोज्याच्या एका कारखान्यात दार उघडून दुरुस्ती करताना आमचं सॉफ्टवेअर असलेली प्रेस खाली आली. फिटरची चार बोटं गेली.

चौकशीत घरत म्हणाले, "मी लिवली व्हती ती अट." मी माझा लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि म्हणालो, "दाखवा." सगळ्यांसमोर ते दीड तास शोधत होते. एकदा चष्मा काढून पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी समोर बसून चहा पीत होतो. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. इतकी वर्षं मला नाही म्हणणारा माणूस घामाघूम झाला होता.

सगळं खापर घरतांवर फुटलं. त्यांनी राजीनामा दिला आणि सात महिन्यांनी हार्ट अटॅकने गेले.

नंतर त्यांची बायको ऑफिसला आली. तिचं माहेर चिरनेर, आणि तो फिटर तिथलाच, त्यांच्या शेजारच्या घरातला. तुझ्या नवऱ्याने आपल्या पोराचा हात खाल्ला, असं म्हणून भावाने तिला दारातून परत पाठवलं होतं. सणाला नाही, लग्नाला नाही. ती रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "माजं म्हायेर तुटलं, सायेब. त्यांनी लिवलं व्हतं, येवढं कागदावर द्या. मी भावाला दाखवीन." रेकॉर्डमध्ये तसं काही नाही, असं सांगून मी तिला वाटेला लावलं.

तर आता क्लाउड. खरी हलवाहलव करण्याआधी तिच्या तालमी कराव्या लागतात. पहिल्या शनिवारी ऑफिसात मी आणि डेटाबेस बघणारी श्रुती, दोघंच होतो. सगळं नीट गेलं, फक्त जुन्या सर्व्हरवर होत्या त्यापेक्षा क्लाउडवर एक अट जास्त भरली.

उघडली तर घरतांची. शब्द न् शब्द तोच.

नोकरी सोडून गेलेल्यांची खाती आम्ही क्लाउडवर नेलीच नव्हती. त्यांच्या नावांच्या जागी सगळीकडे "माजी सदस्य" दिसत होतं. या एका अटीवर मात्र घरतांचं पूर्ण नाव होतं. आणि खाली इतिहासात एक ओळ—अट काढून टाकली, ऑडिटच्या आदल्या दिवसाची तारीख, संध्याकाळची वेळ, आणि माझं नाव.

मी ती लगेच काढून टाकली. श्रुतीला म्हटलं, कचरा आहे काहीतरी.

पुढच्या शनिवारी आम्ही क्लाउड पार रिकामा करून पुन्हा पहिल्यापासून सगळं नेलं. अट हजर. इतिहासात आता दोन ओळी, दोन्हींवर माझं नाव. या वेळी श्रुतीने पाहिलं. तिने जुना सर्व्हर खणून काढला, बॅकअप तपासले. अट कुठेच नव्हती. "सर, ही तुम्ही काढली होती?" तिने विचारलं. मी म्हणालो, आपलं काम कर. आणि तिच्या देखत ती पुन्हा काढली. त्या दिवसापासून ती माझ्यासोबत डबा खात नाही.

शेवटच्या, खऱ्या हलवाहलवीच्या दिवशी पुन्हा तेच झालं. तीन ओळी होत्या. मी चिडून क्लाउडवरून तिसऱ्यांदा अट काढली. दहा मिनिटं झाली नसतील, माझा मोबाइल वाजला. स्क्रीनवर घरतांचं नाव.

बँकेचे मेसेज येतात म्हणून त्यांच्या बायकोने तो नंबर चालू ठेवला होता, हे नंतर कळलं. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली होती. मी कसाबसा हॅलो म्हणालो.

"सायेब, मी घरतांची बायको. यांच्या फोनवर मेल आलाय. पोरीनं वाचून दाखवला. तुमी यांची अट काढून टाकली म्हंतंय. आदी दोन शनवारी पन आलते, आज तिसरा." मग म्हणाली, "म्हंजे व्हती ना, सायेब?"

मी म्हणालो, "वहिनी, सिस्टीमचा घोळ आहे. ते मेल पुसून टाका. कागदाचं बघतो मी." ती बरं म्हणाली.

घरतांचं खातं क्लाउडवर नव्हतं. त्यांचा घरचा मेल आयडी आमच्याकडे कधी नव्हताच. आमच्याकडून असा एकही मेल गेलेला नाही, असं ॲड-ऑनवाल्यांनी लेखी कळवलंय. अट परत आलीये, अजून तिथेच आहे. मी तिला हात लावत नाही. हे सगळं कसं झालं ते मला माहीत नाही, आणि खरं तर जाणून घ्यायची हिंमतही नाही.

त्या फोननंतर दोन दिवसांनी घरतांच्या मुलीचा मेसेज आला होता. "काका, तुम्ही सांगितलंत म्हणून आईने तिन्ही मेल पुसले. चिरनेरला जायला तिने साडी काढून ठेवलीय. कागद घ्यायला कधी येऊ?"

त्याला आता तीन महिने झाले. मी अजून उत्तर दिलेलं नाही.