मोठं अक्षर

ताईची नजर मधुमेहाने हळूहळू जाते आहे. ती कथांचे अनुवाद करते, ऑनलाइन फाइलमध्ये स्वतः टाइप करून. दर वेळी अक्षर वाढवत बसायला नको, म्हणून नवी फाइल उघडली की आपोआप मोठाच फॉन्ट यावा, अशी सेटिंग मी तिला करून देते. आधी अठरा पुरला, मग छत्तीस. अक्षर वाढत गेलं तसं पान लहान होत गेलं. आता वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात वर सरकून दिसेनाशी होते. माणसाचं जगही असंच आखडत येत असेल का, सगळं जवळ ओढून घेता घेता?

काल तिने पुन्हा बोलावलं. मी बहात्तर निवडला, तोच कायमचा म्हणून सेव्ह केला आणि नवी फाइल उघडली.

"बघ गं ताई, आता दिसतंय?"

स्क्रीनला जवळजवळ नाक टेकवून ती बराच वेळ बघत राहिली. मग माझा हात दाबत म्हणाली, "हो गं, अगदी स्वच्छ दिसतंय. तू उगाच काळजी करतेस."

पानावर मी अजून एकही अक्षर टाइप केलं नव्हतं.

"बरं झालं," मी म्हटलं.