मायच्या अंगात कोण आलं

बुद्धाची दीक्षा घेतल्यावर बानं घरातले सगळे देव टोपल्यात भरून नदीत सोडले. त्यात मरीमायही गेली. केळापूरकडच्या आमच्या खेड्यात ही मरीमाय आमच्या मायच्याच अंगात यायची. माय मांडी घालून बसायची, लांब लांब श्वास ओढायची, घुमायला लागायची, अन् मग एरवी जिला कुत्रं विचारत नव्हतं तिच्या पाया पडायला अख्खी वस्ती हजर. बासुद्धा. "दारू सोड," असं मरीमायनं सांगितलं, तर बानं पुन्हा थेंबाला हात लावला नाही. तेच माय रडून सांगायची तेव्हा लाथ मिळायची.

देवी गेली तशी माय मुकी झाली. श्वाससुद्धा वरवरचा घ्यायची, चोरून घेतल्यासारखा. झोप नाही, छातीत सारखी धडधड. त्यात बानं ढाणकीला माझं लग्न ठरवलं. मी शाळेत जाणारी पोर, अन् नवरा दोन लेकरांचा बाप. मी मायच्या गळ्यात पडले, म्हटलं, तू सांग ना बाले, हे लग्न नको म्हणून.

"माह्यं कोण ऐकते वो," ती म्हणाली. "तिचं ऐकत होता. ते तर गेली."

त्याच सुमारास वस्तीत एक भंतेजी आले. संध्याकाळी विहारात सगळ्यांना बसवायचे. पाठ ताठ, खांदे ढिले, डोळे मिटायचे अन् नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. यानं मन निवते, झोप लागते, म्हणाले. माय जायलाच तयार नव्हती. बानं दटावून नेली.

मी तिच्या शेजारीच बसले होते. थोडा वेळ बरं चाललं. मग तिचा श्वास लांबला, खांदे हलले, मान डोलायला लागली. बुद्धाच्या तसबिरीसमोर मरीमाय? मागून एक बाई पुटपुटली, "आली वो आली," अन् तिनं सवयीनं हातही जोडले. बाचं तोंड काळंठिक्कर पडलं. आता आपल्याला वस्तीतून काढतात, असंच मला वाटलं.

भंतेजी उठून मायच्या पुढ्यात येऊन बसले. "बाई, डोळे उघडा. पोटावर हात ठेवा. आत काय येऊन राह्यलं?"

मायनं पोटावर हात ठेवला. म्हणाली, "वारं."

"आणखी कोणी?"

तिनं पोट दाबून पाहिलं. "कोणीच नाही."

"मग सावकाश घ्या. तुमचाच श्वास आहे, भ्यायचं कायले?"

माय त्यांच्याकडे पाहतच राहिली. "पह्यलेबी वारंच येत होतं? मंग बोलत कोण होतं?"

मायचा चेहरा असा झाला होता, की मला तिच्याकडे बघवेना.

घरी आल्यावर बा फणफणत होता, इज्जत घालवली म्हणून. माय ओट्यावर मांडी घालून बसली. पोटावर हात ठेवून तिनं लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बा मधेच गप्प झाला.

"ढाणकीले पोरगी देत नाही मी," माय म्हणाली. "तिले शिकू द्या."

आवाज तोच, मरीमायचा. मान मात्र जराही हलत नव्हती. बानं वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगते, तो भेला होता.

"कोण बोलून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"मीच," माय म्हणाली. "बसा खाली."

बा खाली बसला.