लेकीनं दिलेलं यकृत

तब्येत म्हणजे काय हे कुणाला दाखवायचं झालं, तर आमच्या घरात ह्यांच्याकडे बोट करायची पद्धत होती. तरुणपणी मुळशी-मावळातल्या जत्रांमधून त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या, दोन्ही कान त्यातच मोडलेले. पुढं आमच्या माण गावातली बरीचशी जमीन हिंजवडीच्या आयटी पार्कात गेली. राहिलेल्या जागेवर आम्ही खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, पण कासारसाईच्या बाजूचं भातखाचर त्यांनी सोडलं नाही. भाताचं भरलेलं पोतं एकट्यानं उचलून टेम्पोत टाकायचे आणि आमचे भाडेकरू गॅलरीतून बघत राहायचे. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही. मी जवळच्याच हायस्कूलात विज्ञान शिकवते. आम्हाला एकच मुलगी, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला. घरातलं चौथं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई.

त्यांचे पाय सुजायला लागले तेव्हा आम्हाला वाटलं, चिखलात उभं राहून झालं असेल. मग पोट फुगलं, ताठ झालं. एका सकाळी ते आरशासमोर दाढी करत होते आणि मला त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा दिसला. गावात कुजबुज झाली, पैलवान चोरून घेत असणार. ते त्यांच्या कानावर गेलं. चौकातल्या चहाच्या टपरीवर जायचे ते बंद झाले.

डॉक्टरांनी सांगितलं ते वेगळंच होतं. कधीकाळी झालेली बी प्रकारची कावीळ, कुणाला कळलीसुद्धा नव्हती. तो विषाणू वर्षानुवर्षं आत बसून राहिला होता आणि यकृत हळूहळू निबर होत गेलं होतं. "ह्यात दारूचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. ह्यांनी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

त्यानंतरचा एक दिवस मी विसरणार नाही. संध्याकाळी हे खाचरावरून परत आले नाहीत. कासारसाई धरणाच्या फाट्यावर उभे राहिले होते, कुठल्या रस्त्यानं जायचं तेच कळेना. ओळखीच्या एका दूधवाल्यानं घरी आणून सोडलं. दारात लेक उभी होती, तिला म्हणाले, "आक्का, कवा आलीस?" आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जाऊन किती वर्षं झालेली. लेक हसायचा प्रयत्न करत त्यांचा हात धरून आत घेऊन आली आणि मग मोरीत जाऊन रडली.

यकृत रक्तातलं विष साफ करतं. ते काम थांबलं की तेच विष मेंदूपर्यंत जातं आणि माणूस असा हरवतो. हे मला माहीत होतं, निदान पुस्तकातून. वर्गात मी पचनसंस्था एका महिन्यात शिकवायची आणि चेतासंस्था दुसऱ्या, जणू त्या दोन वेगळ्या गावांत राहतात. घरात बघितलं तर यकृत थकलं म्हणून पाय सुजले होते, कातडी खाजत होती, रक्त गोठायला वेळ लागत होता आणि माझ्या नवऱ्याला स्वतःच्या शेताची वाट आठवत नव्हती.

औषधांनी डोकं ताळ्यावर आलं. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यकृत बदलावं लागेल. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा भाग द्यायचा, उरलेलं देणाऱ्याच्या पोटात पुन्हा वाढतं. माझा रक्तगट जुळेना. सासूबाई म्हणाल्या, "माझं घ्या की. मला काय आता कुस्ती खेळायची हाय?" डॉक्टरांनी हात जोडून त्यांना वयाची अट समजावली. लेकीचा गट जुळला.

त्या रात्री जेवताना तिनं सांगितलं, "आबा, मी देणारे."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. "लेकीच्या पोटाला सुरी लावून मी जगू? न्हाई."

"अहो आबा, ते परत वाढतं."

"पुस्तकात लिवायला काय जातंय?"

"आईच शिकवते ना वर्गात. विचारा तिला."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "वाढतं." यकृताच्या पेशी एरवी शांत असतात, तुकडा काढला की जाग्या होतात, एकीच्या दोन, दोनच्या चार होत जातात, हे मी फळ्यावर कितीतरी वेळा काढून दाखवलं होतं. पण तेव्हा समोर माझी मुलगी बसलेली नव्हती.

ह्यांचं उत्तर बदललं नाही. तरी लेक त्यांना न सांगता तपासणीला गेली. स्कॅनमध्ये निघालं की तिच्या यकृतावर चरबी आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम, रात्री बाहेरचं खाणं. डॉक्टर म्हणाले, असं यकृत घेता येणार नाही. वजन उतरवा, चरबी गेली तर बघू.

घरी आली आणि ओट्याला टेकून हुंदके द्यायला लागली. "मी आबांच्या उपयोगाचीच नाही गं आई."

हे बाहेरच्या खोलीत पडले होते. भिंतीला धरून धरून आत आले. "काय झालं?"

मी सांगितलं. मग त्यांचा चेहरा असा झाला, जसा पंचानं चुकीचा निकाल दिल्यावर व्हायचा.

"माझ्या पोरीला नापास केलं?"

"आबा, तुम्हाला नकोच होतं ना?"

"ते येगळं. मी नगं म्हणणं येगळं आन् त्यांनी नगं म्हणणं येगळं. उद्या पहाटं उठायचं."

म्हणजे तुम्ही आता हो म्हणताय का, असं आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणाची तालीम झाली. ह्यांना उभंही राहवत नव्हतं, तर खुर्ची टाकून बसायचे, पोटावर चादर, पाय स्टुलावर, आणि तिथून हुकूम सोडायचे. "बैठक मारतीस का जांभई देतीस? खाली जा अजून!" मग आम्ही मायलेकी कासारसाईच्या धरणापर्यंत चालत जायचो. येताना आयटीवाल्यांच्या बसगाड्या आमच्या शेजारून जायच्या, लेक घामानं निथळत चालत राहायची. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. इथं सगळं उलटं. तिच्या ताटातलं तूप आणि साखर ह्यांनी स्वतः बंद केली. नाचणीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण. सासूबाईंनी एकदा गुपचूप लाडू दिला, तर ह्यांनी आईशी दोन दिवस अबोला धरला.

मधल्या काळात ह्यांच्या पोटातलं पाणी दोनदा काढावं लागलं. दवाखान्यातून परत आल्या आल्या ह्यांचा पहिला प्रश्न, "आज चालली का?"

पुन्हा स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवत म्हटलं, "आता छान आहे." लेक माझ्या गळ्यात पडली. ह्यांनी फक्त मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तालमीत तयार झालीया."

ऑपरेशनच्या आधी दवाखान्याच्या समितीनं तिला एकटीला आत बोलावलं. कुणी भरीस घातलंय का, घाबरवलंय का, हे विचारतात आणि त्याचं चित्रीकरणही करतात. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "मी सांगितलं, उलट मीच आबांना भरीस घातलंय. सगळे हसले."

त्या सकाळी आधी तिला नेलं, मग ह्यांना. दोन्ही स्ट्रेचर एकदा शेजारी आले तेव्हा ह्यांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. ती म्हणाली, "आबा, घाबरू नका. माल चांगला आहे." वॉर्डबॉयसुद्धा हसला. दारं बंद झाली.

मी आणि सासूबाई बाकावर बसून राहिलो. सासूबाईंनी विचारलं, "पोरीचं काळीज काढत्यात का गं?" मी म्हणाले, "काळीज नाही आत्याबाई, यकृत. उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली." त्यांनी स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसल्या. मी मनात धडा म्हणत होते. पेशी, पेशींच्या ऊती, ऊतींचे अवयव. एवढंच पुन्हा पुन्हा. त्याच्या पुढं मला जाता येत नव्हतं.

दिवस कलल्यावर सर्जन बाहेर आले. मुलगी बरी आहे, म्हणाले. मग ह्यांच्याबद्दल सांगितलं: "जोडून रक्त सोडलं तसा सगळा भाग गुलाबी झाला. आणि थोड्याच वेळात पित्त यायला लागलं."

मी त्यांना पुन्हा विचारलं, "पित्त आलं?"

"आलं."

मला तेव्हा जो अभिमान वाटला तसा आयुष्यात कधी वाटला नव्हता. तिच्या पहिल्या नंबरांचा नाही, नोकरीचा नाही, कशाचाच नाही. माझ्या लेकीच्या पेशींना शरीर कुणाचं आहे हे कळायचंही कारण नव्हतं. रक्त आलं आणि त्या कामाला लागल्या.

पुढचे दिवस सोपे नव्हते. तिला खोकता येत नव्हतं, हसता येत नव्हतं, कूस बदलताना डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा चिडून म्हणाली, "आई, मला धीर देऊ नकोस, नुसती बस." मी नुसती बसले. ह्यांना काचेपलीकडे ठेवलेलं. एक दिवस त्यांना ताप आला, रक्ताचे आकडे बिघडले. डॉक्टर म्हणाले, शरीराच्या संरक्षक पेशी नव्या यकृताला परकं समजतायत, औषध वाढवू. सासूबाईंना मी हे समजावलं तर त्या तडकल्या, "बापाचं रगत लेकीला वळखत न्हाई व्हय?" मला हसू आलं, आणि खूप दिवसांनी आलं. औषध लागू पडलं. ताप उतरला. मी काचेतून बघितलं तर ह्यांच्या डोळ्यांतला पिवळेपणा जवळजवळ गेला होता.

लेक आधी घरी आली, हे नंतर. तीन महिन्यांनी दोघांचा स्कॅन झाला. तिचं यकृत जवळजवळ पहिल्याएवढं भरून आलं होतं, आणि ह्यांच्या पोटातलंही वाढलेलं. मी पडद्याकडे बघतच राहिले. हे कितीदा शिकवलं होतं मी! ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, "म्हंजी आता दोन झाली?"

"दोन झाली."

घरी येताना त्यांनी गाडी चौकात थांबवायला लावली. तोंडावर मास्क, अंगात स्वेटर, अशा अवतारात ते टपरीसमोर उभे राहिले. गर्दीत मिसळायचं नाही असं बजावलेलं, म्हणून लांबूनच बोलले. "पैलवान पैलवान म्हणत होता ना मला? खरी पैलवान ती गाडीत बसलीया. बघून घ्या." लेक लाजून सीटवर खाली सरकली. आणि मी? मी काच खाली केली, सगळ्यांना नीट दिसावी म्हणून.

आता ते खाचरावर जातात, पण चिखलात उतरत नाहीत, बांधावरून सूचना देतात. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या जन्मभराच्या. लेक पुन्हा कामावर जाते.

मागच्या महिन्यात रविवारी जवळच्या सूस गावाहून एक बाई आल्या, सोबत विशीतली मुलगी. कुणाकडून तरी आमच्याबद्दल ऐकलं होतं. बाईंच्या नवऱ्याचं तसंच झालेलं, मुलीचा गट जुळलेला. बाई भरभर बोलत होत्या आणि मुलगी जमिनीकडे बघत होती. माझी लेक तिला आतल्या खोलीत घेऊन गेली. चहा घेऊन मी दारापाशी गेले तेव्हा हिनं कुर्ता वर करून तिला व्रण दाखवला होता. ती मुलगी वाकून बघत होती.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"आता नाही. पण तेव्हा लई दुखलं, खोटं नाही सांगत. आणि एक ऐक. समिती तुला एकटीला विचारेल, तेव्हा तुझ्या मनात असेल तेच सांग. नाही म्हणालीस तरी तू वाईट मुलगी नाहीस."

त्या मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. "तुला भीती नव्हती वाटली?"

"वाटली की. बस ना, चहा घे. पहिल्यापासून सांगते."

मी दोन्ही कप त्यांच्यामध्ये ठेवले आणि दार लोटून घेतलं.