दिदिमोणींचा कान

न कळणाऱ्या भाषेतलं खोटंसुद्धा ओळखणारं माणूस जगात एकच असावं, आणि ते मला कोलकात्यात, सॉल्ट लेकमधल्या एका लहानशा ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, कागदी ठोंग्यातली मुढी, म्हणजे पुडीतले मुरमुरे, खाताना भेटलं. बंगालीत शिक्षिकेला दिदिमोणी म्हणतात. आमच्या या दिदिमोणी शिक्षकांच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर त्या दर शनिवारी निरनिराळ्या शाळांतल्या मास्तरांना आणि बाईंना लिहायला शिकवत. मी बेहालाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुलांचे निबंध एका साच्यातून काढल्यासारखे येतात म्हणून आमच्या मुख्याध्यापिकांनी मला या प्रशिक्षणाला धाडलं, तेव्हा मी चांगलीच फुरंगटले होते. तो साचा मीच तर बनवला होता, आणि मला त्याचा अभिमान होता!

दिदिमोणींचा वर्ग वेळेवर सुरू झाल्याचं कुणाला आठवत नाही. कारण त्यांना वाटेतल्या पाट्या वाचायचं व्यसन होतं. बसमधून एखादी पाटी अर्धवट दिसली की उरलेली वाचायला त्या पुढच्या थांब्यावर उतरत आणि मागे चालत येत. एकदा ‘येथे उत्तम चष्मे मिळतील’ ही पाटी पाहून त्या दुकानात शिरल्या आणि ‘मिळतील म्हणजे नक्की कधी?’ असं त्यांनी मालकाला अगदी मनापासून विचारलं. मालक इतका गोंधळला की त्यानं त्यांना एक फ्रेम स्वस्तात देऊन टाकली. ती घालूनच त्या वर्गात आल्या आणि ‘बघा, नेमका प्रश्न विचारला की असं होतं,’ म्हणाल्या.

मुढीचंही तसंच. तिकडे ठोंगे जुन्या उत्तरपत्रिकांचे करतात. दिदिमोणी आधी मुढी संपवत आणि मग ठोंगा उलगडून वाचत. एका शनिवारी त्या जागच्या उठूनच उभ्या राहिल्या. कुण्या अनोळखी मुलानं लिहिलं होतं, ‘आमची गाय रागावली की आधी बघणं बंद करते.’ दिदिमोणींनी ते वाक्य आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. शेजारी बसणारे भूगोलाचे सर हळूच मला म्हणाले, “आपण इतके मोठे झालो, पण असली गाय काही आपल्या हातून झाली नाही.” त्या दुपारी खिडकीबाहेरच्या कृष्णचूडेची, म्हणजे गुलमोहराची, सावली टेबलावर हलत होती आणि सगळा वर्ग त्या न पाहिलेल्या गाईचा विचार करत बसला होता.

एकदा त्यांनी आम्हाला घरातल्या एखाद्या माणसाबद्दल लिहायला सांगितलं. माझे बाबा साताऱ्याला नुकतेच वारले होते. मी इंग्रजीत एक नीटनेटकं पान लिहिलं. दिदिमोणींनी ते ऐकलं आणि विचारलं, “बाबा तुम्हाला कुठल्या भाषेत रागावायचे?”

“मराठीत.”

“मग मराठीत लिहा.”

“पण दिदी, इथं ती कळणार कुणाला?”

“आधी तुम्हाला कळू दे,” त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मी मराठीत वाचायला उभी राहिले. दिदिमोणी ऐकताना कागदाकडे बघत नसत. वाचणाऱ्याच्या गळ्याकडे बघत, इतक्या टक लावून की मी दोनदा पदर सारखा केला. बाबांची सायकल झाली, रेडिओवरच्या बातम्यांशी त्यांचं भांडण झालं. मग मी वाचलं, ‘बाबा अगदी शांतपणे गेले.’

“दाँडान,” दिदिमोणी म्हणाल्या. थांबा. “इथं तुमचा आवाज इस्त्री केल्यासारखा झाला. काय लिहिलंय?”

मी सांगितलं.

“आणि काय झालं होतं?”

मला खरंच सांगायचं नव्हतं. पण ते चेहरे माझ्याकडे वळलेले होते, आणि ते सगळे माझ्यासारखेच होते, खडूनं बोटं पांढरी झालेले. “चहात साखर घातली नाही म्हणून आईवर रागावले,” मी म्हणाले, “कप बाजूला सारला, भिंतीकडे तोंड करून झोपले आणि गेले. रुसूनच गेले.”

भूगोलाचे सर खुदकन हसले आणि घाबरून त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग मीच हसले. हसता हसता मला जे रडू कोसळलं, ते बाबा गेल्यापासून पहिलं. दिदिमोणी उठल्या नाहीत, त्यांनी माझी समजूतही घातली नाही. माझं आवरल्यावर एवढंच म्हणाल्या, “आबार पोडून.” पुन्हा वाचा. मी वाचलं, या वेळी साखरेसकट.

शाळेत मी निबंधाला मुद्दे देणं बंद केलं. ‘माझी आई’ या विषयावर एका मुलीनं आई देवासमोर डोळे मिटते आणि कशी तिथंच डुलकी काढते ते लिहिलं. तिची आई माझ्याशी भांडायला आली आणि तो निबंध घडी घालून पर्समधून घेऊन गेली.

पुढे ते प्रशिक्षण संगणकाच्या पडद्यावर भरू लागलं. दिदिमोणींनी एकच दिवस करून पाहिलं आणि नाद सोडला. गुडघे दुखायला लागले तशा त्या बोलपूरला बहिणीकडे राहायला निघाल्या. भूगोलाचे सर आणि मी हावड्याला त्यांना पोचवायला गेलो. गाडी हलली तेव्हा त्या आमच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. समोरच्या बाईला तिच्या डब्यात काय आहे ते विचारत होत्या.

परतताना आम्ही नदीपार जायला लाँच धरली. ऊन उतरलं होतं. गंगेचं पाणी दुधाळ चहासारखं दिसत होतं आणि पुलावरची वर्दळ दुरून आवाजाशिवाय सरकत होती. मधोमध आल्यावर सर म्हणाले, “आता मी कुणाला वाचून दाखवू?”

मी बाकावर त्यांच्याकडे वळून बसले. मग त्यांनी खिशातून एक कागद काढला, वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि त्यांच्या धाकट्या भावाबद्दल वाचायला सुरुवात केली. लाँच घाटाला लागली, माणसं उतरली, नवी चढायला लागली. सर अजून वाचत होते. पुन्हा हावड्यापर्यंतची दोन तिकिटं द्यायला मी खलाशाला खूण केली.